कंपनीचे दोन टक्के आणि कोपऱ्यातलं कांडप यंत्र

समाजमंदिराच्या कोपऱ्यात मिरची कांडप यंत्र उभं होतं. वरून खताचं रिकामं पोतं पांघरलेलं, त्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. मागच्या भिंतीवर निळी पाटी: कंपनीचं नाव, चिन्ह आणि खाली ‘महिला सक्षमीकरण प्रकल्प’. “चालतं का हो हे?” मी विचारलं. बचत गटाच्या सचिव ताई हसल्या. “चाललंय की एकदा. उद्घाटनाला साहेबांनी जनरेटर आणला होता, तेव्हा.”

यंत्राला थ्री फेज वीज लागते आणि समाजमंदिरात सिंगल फेज. नवी जोडणी घ्यायची तर कोटेशन भरायला हवं, पण त्या पैशांची ओळ मंजूर अंदाजपत्रकात कुठेच नव्हती. यंत्र होतं, दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, पाटी होती, पाहुण्यांचे फेटे होते. वायर नव्हती.

मी एका छोट्या संस्थेत कंपन्यांना पाठवायचे प्रस्ताव लिहिते आणि मार्चमध्ये बिलं जुळवत बसते. हे यंत्र आमच्या संस्थेनं आणलेलं नाही. पण प्रस्ताव मी लिहिला असता तर ती ओळ माझ्याकडूनही सुटली असती, याची मला जवळजवळ खात्री आहे. का, ते कळायचं तर हा पैसा निघतो कुठून आणि वाटेत कुठे कुठे वळतो ते बघावं लागेल.

पैसा निघतो कुठून

गावात याबद्दल दोन समजुती असतात. एक, मालक दिलदार आहेत म्हणून देतात. दुसरी, सरकारची काहीतरी स्कीम आली असेल. दोन्ही चूक. हा सीएसआरचा पैसा, म्हणजे कंपनीनं सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च, आणि तो कायद्यानं ठरवून दिलेला आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. आदल्या वर्षी ज्या कंपनीची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. तिन्हींपैकी एक अट लागू झाली तरी पुरे.

आकडे घालून बघू. समजा, एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तीन वर्षांत तिला ८, १० आणि १२ कोटी नफा झाला. सरासरी १० कोटी, त्याचे २ टक्के म्हणजे २० लाख. वीस लाख म्हटले की गावाला वाटतं, आता काय कमी आहे! पण त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेचं स्वच्छतागृह आहे, वृक्षारोपण आहे, आरोग्य शिबिर आहे. शेवटी बायकांच्या कामाला चार-पाच लाख उरले तर उरले. आणि एवढ्या छोट्या रकमेसाठी कंपनीत वेगळा माणूस नसतो. पन्नास लाखांपर्यंतची जबाबदारी असेल तर संचालकांची वेगळी समितीही नेमावी लागत नाही. मग हे काम येतं एचआर मॅनेजरच्या टेबलावर, पगार आणि रजांच्या फायलींच्या खाली.

देशाची बेरीज मात्र दांडगी आहे. पहिल्या वर्षी, २०१४-१५ मध्ये, कंपन्यांनी सुमारे १०,००० कोटी खर्च केले. २०२२-२३ मध्ये तो आकडा ३०,००० कोटींच्या आसपास गेला. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त वाटा महाराष्ट्राचा असतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्याकडे हा प्रश्न हमखास येतो: “मॅडम, साखर कारखाना तर शेजारीच आहे, त्याचं सीएसआर कुठं जातं?” कारखाना सहकारी असेल तर त्याला कलम १३५ लागू होत नाही. तो सहकार कायद्याखालची संस्था आहे, कंपनी नाही. त्याची शाळा-कॉलेजं असतात, ट्रस्ट असतात, पण तो वेगळा हिशेब. खासगी कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असला आणि वरच्या तीनपैकी एखादी अट पुरी करत असला, तर त्याला लागू.

बायकांचं शिक्षण आणि धंदा त्यात बसतो कुठे

कंपनीला वाटेल त्यावर खर्च करता येत नाही. कायद्याला सातवी अनुसूची जोडलेली आहे, तिच्यात विषय दिलेत. त्यात शिक्षणाबरोबर रोजगाराला उपयोगी पडणारी कौशल्यं आणि उपजीविका वाढवणारे प्रकल्प आहेत, आणि तिथे स्त्रियांचा उल्लेख नाव घेऊन आहे. पुढच्याच कलमात स्त्री-पुरुष समानता, स्त्रियांचं सक्षमीकरण आणि बायकांसाठी वसतिगृहं आहेत. म्हणजे शिवणक्लास बसतो, कांडप यंत्र बसतं, मुलींचं होस्टेलही बसतं. न बसणारं काय? फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचं काम, राजकीय पक्षाला देणगी, आणि जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप. कंपनीच्या नावाचा टी-शर्ट घालून धावायची मॅरेथॉनही नाही.

मग पैसा कुठल्या गावाला? कायदा म्हणतो, कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या. सक्ती नाही, प्राधान्य. पण या एका वाक्यानं नकाशा ठरून जातो. कारखाने आणि मुख्यालयं मुंबई, ठाणे, पुणे, रायगडला, तर पैसाही त्याच बाजूला वाहतो. केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार आहेत: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. तिथल्या बाईच्या गावाशेजारी ज्याच्याकडे दाद मागावी असा मोठा कारखानाच बहुतेक वेळा नसतो. महाराष्ट्र पहिला आहे हे खरं, पण गडचिरोलीच्या बाईला त्याचा काय उपयोग?

आणि शेजारी कारखाना असला तरी ‘आमचा हक्क’ म्हणून गावाला अमुक रक्कम मागता येत नाही. कंपनीवर खर्चाचं बंधन आहे, पण तो कुणावर करायचा हे तिचं संचालक मंडळ ठरवतं. सरपंचांनी लेटरहेडवर कितीही कडक पत्र लिहिलं तरी ते शेवटी विनंतीपत्रच.

वाटेतली माणसं

बचत गट म्हणजे दहा ते वीस बायका, एक रजिस्टर आणि बँकेतलं खातं. गट स्वतः सीएसआरची अंमलबजावणी करणारी संस्था होऊ शकत नाही. त्यासाठी नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी लागते, तिच्याकडे आयकर खात्याची करसवलतीची १२ए आणि ८०जी मान्यता लागते, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि १ एप्रिल २०२१ पासून केंद्राकडचा सीएसआर नोंदणी क्रमांकही. म्हणून कंपनी आणि गट यांच्यामध्ये आमच्यासारख्या संस्था येतात. कंपनीला आम्ही ‘पार्टनर’, गटाला आम्ही ‘संस्थेच्या मॅडम’.

आता खरी मेख. २०२१ च्या जानेवारीपर्यंत नियम असा होता की दोन टक्के खर्च करा, नाहीतर का केले नाहीत ते अहवालात सांगा. त्यानंतर दंड आला. चालू वर्षाचा साधा प्रकल्प असेल आणि पैसे उरले, तर वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत ते सरकारनं नेमून दिलेल्या निधीत भरायचे, पंतप्रधानांचा मदत निधी वगैरे. भरले नाहीत तर न भरलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं जे कमी असेल तेवढा दंड. बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर केलेला असेल तर मात्र उरलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येते.

म्हणजे सवलत आहे. पण ती वापरायची तर कंपनीनं म्हणायला हवं की हे काम तीन-चार वर्षांचं आहे. छोट्या कंपन्या असं म्हणायला कचरतात. मंजुरी येते दिवाळीनंतर आणि फोन येतो फेब्रुवारीत: “मॅडम, मार्च एंडच्या आत युटिलायझेशन सर्टिफिकेट द्या.” म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला. मग पाच लाख रुपये सहा आठवड्यांत, ऑडिटरला पटेल अशा पद्धतीनं कशावर खर्च होतात?

यंत्रावर. यंत्राचं एकच बिल येतं, जीएसटी क्रमांकासकट. डिलिव्हरी चलान येतं, फोटो येतो, काम संपतं. त्याच पाच लाखांत गटाला वर्षभराची मिरची, धणे, हळद, पिशव्या, लेबलं घेऊन द्यायची म्हटलं, तर शे-दीडशे छोटी बिलं येतात, त्यातली निम्मी आठवडी बाजारातली, पेन्सिलीनं कागदावर लिहिलेली. ती बिलं मी जुळवलेली आहेत. ऑडिटरसमोर ठेवताना घाम फुटतो. त्यामुळे खेळतं भांडवल, ज्याच्याशिवाय कुठलाच धंदा उभा राहत नाही, ते प्रस्तावातून आपोआप गळतं. कुणाची नियत वाईट नसते. कागदाला यंत्र सोपं जातं, एवढंच.

यंत्राच्या बाबतीत नियमात एक चांगली तरतूद आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती संस्थेच्या नावावर असू शकते, सार्वजनिक यंत्रणेच्या नावावर असू शकते, किंवा लाभार्थींच्या गटाच्या नावावर. बचत गट असा शब्दच नियमात आहे. गटानं पहिल्या बैठकीत विचारायचा प्रश्न हाच: बिल कुणाच्या नावानं फाटणार?

ठाकरसींचे पंधरा लाख

हा कायदा यायच्या कितीतरी आधी इथल्या उद्योगपतींनी बायकांच्या शिक्षणात पैसा घातलेला आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. १९२० मध्ये गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटी हे नाव रोज घेणाऱ्या कितीजणींना त्यातल्या एन म्हणजे नाथीबाई हे ठाऊक असतं, देव जाणे. त्याही आधी, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला. त्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत दोन स्त्री डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरात काम केलं. टाटांची ती शिष्यवृत्ती कर्जाऊ होती. एकीनं फेडलं की पुढचीला मिळणार. बचत गटातल्या बायकांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही, त्या तेच करतात.

या दोन्ही रकमांचं वैशिष्ट्य असं की पैसा थांबला. मुद्दल राहिलं आणि काम वर्षानुवर्षं चाललं. आजच्या सीएसआरमध्ये नेमकं हेच करता येत नाही. संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये, टाकलेले पैसे २०२१ नंतर सीएसआर खर्च म्हणून धरले जात नाहीत. कारणही समजण्यासारखं आहे: कंपन्या आपल्याच ट्रस्टच्या ठेवीत रक्कम ठेवून हात झटकू शकल्या असत्या. पण त्यामुळे तालुक्याच्या मुलींसाठी ‘व्याजावर चालणारी शिष्यवृत्ती’ हा जुना, साधा मार्ग या पैशाला बंद झाला. आज दिलेला रुपया खर्चच व्हायला हवा, आणि बहुतेक वेळा लवकर.

मुलींच्या शिक्षणाचं बोलायचं तर फी हा आता एकटाच अडसर राहिलेला नाही. राज्यात सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजांत बारावीपर्यंत मुलींना फी नाही, आणि २०२४ पासून आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. अडतं ते शेवटची एसटी साडेपाचला सुटते आणि प्रॅक्टिकल सहाला संपतं तिथे. अडतं खोलीच्या भाड्यावर, डब्यावर, आणि “पोरीला एकटीला पुण्यात कुठं ठेवायची” या वाक्यावर. होस्टेलच्या एका खाटेचा वर्षाचा खर्च कंपनीच्या नजरेत भरत नाही. पाच मुलींची नावं अहवालात बारीक दिसतात, पाचशे दप्तरांचा आकडा ठसठशीत दिसतो. दप्तरं वाटण्यात वाईट काही नाही. पण एकदा एका अधिकाऱ्यांना मी विचारलं, की पाचशे दप्तरांच्या ऐवजी दहा मुलींचा तीन वर्षांचा होस्टेल खर्च घ्याल का? ते प्रामाणिकपणे म्हणाले, “मॅडम, बोर्डात लाभार्थी संख्या विचारली जाते. दहा सांगितले तर मला पुन्हा विचारतील, एक शून्य राहिलं का म्हणून.”

म्हसवडचं उदाहरण

हे सगळं असंच चालणार असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, माण या दुष्काळी तालुक्यात, सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांबरोबर बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका शिकायला बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटर न घेता सांगावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे माणदेशी फाउंडेशननं ग्रामीण बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली, बसमध्ये वर्ग भरवून ती गावोगाव नेली, आणि त्या कामाला एचएसबीसी बँकेचा पैसा मिळाला.

यातला क्रम बघण्यासारखा आहे. बायकांनी आधी सांगितलं काय हवंय: बचत ठेवायला जागा, मग कर्ज, मग हिशेब आणि धंदा शिकवणारं कुणीतरी. मोठ्या बँकेचा पैसा आला तो चालत्या कामाच्या मागे. आमच्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. पैसा आधी येतो आणि मग त्याला साजेशी गरज शोधली जाते.

गटानं करायचं काय

तुम्ही गटात असाल किंवा ग्रामसंघाचं काम बघत असाल, तर काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. कंपनीला आपले सीएसआर प्रकल्प वेबसाइटवर टाकावे लागतात आणि वार्षिक अहवालात सीएसआर खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर राज्यवार आकडे दिसतात. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीला मोबाइलवर शोधायला सांगा. आसपास कोण खर्च करतंय आणि कुठल्या संस्थेमार्फत, याचा बराचसा अंदाज त्यातून येतो. मग साहेबांच्या ऑफिसबाहेर बसून राहण्यापेक्षा त्या संस्थेला बैठकीला बोलावणं बरं.

सगळा धंदा सीएसआरवर उभा करायला जाऊ नका, हे मी आमच्याच पोटावर पाय देऊन सांगते. खेळत्या भांडवलाला बँक आहे. नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ मध्ये गट आणि बँका जोडायला सुरुवात केली ती याचसाठी, आणि नियमित बैठक, बचत, परतफेड असलेल्या गटाला बिनतारण कर्ज मिळतं. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या ताया त्यासाठीच फिरत असतात. कंपनीकडे ते मागा जे बँक देत नाही: वीजजोडणी, शेड, हिशेब शिकवणारी बाई वर्षभर, पॅकिंगचा नमुना, पहिल्या दोन प्रदर्शनांचं गाडीभाडं. आणि प्रस्ताव बहुवर्षीय म्हणून मंजूर करा, हे लेखी मागा. खाण्याच्या वस्तू विकणाऱ्या छोट्या गटाला अन्न परवान्याची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. या कागदांसाठी कुणी हजारो मागत असेल तर तो मधला माणूस आहे.

कांडप यंत्राचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी परत गेले तेव्हा पोतं जमिनीवर होतं आणि यंत्र गायब. काळजात चर्र झालं. सचिव ताईंनी मला दोन गल्ल्या पलीकडे नेलं. गिरणीवाल्याकडे थ्री फेज होतीच. बायकांनी मासिक बैठकीत ठराव केला, टेम्पो केला आणि यंत्र गिरणीत नेऊन बसवलं. दळण नसेल तेव्हा दुपारी दोन ते पाच मिरची कांडायची, किलोमागे ठरलेले पैसे गिरणीवाल्याला, बाकी गटाला. इतिवृत्तात सगळं लिहिलेलं होतं, सह्यांसकट, दोन अंगठ्यांसकट.

“कंपनीला कळवलं का?” मी विचारलं.

“कळवलं की. ते म्हणाले, तपासणीला फोटो समाजमंदिरातच लागेल.” ताईंनी पदरानं नाकाला लागलेलं तिखट पुसलं. “म्हणून पाटी तिथंच ठेवलीय.”